कुऱ्हाडीचे सल्लागार

जुन्या पुण्याच्या पेठांत असे एखादे काका अजून सापडतात. इमारतीच्या गच्चीवर सोसायटीचा सोलर असतो, बाथरूममध्ये गीझर असतो, तरी यांच्या आंघोळीचं पाणी मागच्या गॅलरीत बंबावरच तापतं. बंब आजोबांनी तांबट आळीतून घेतलेला. वाडा पाडला तेव्हा काकांनी बिल्डरकडून पार्किंग नाही, बंबाची जागा लिहून घेतली. बंब म्हटला की जळण आलं, जळण आलं की ते फोडणं आलं आणि फोडणं आलं की मतं आली. मतांसाठीच बंब ठेवलाय, असं काकूंचं म्हणणं.

काका स्वतः कुऱ्हाड उचलत नाहीत. मणक्यात गॅप आहे. ते फोडवून घेतात. वखारीतून बाभळीचा टेम्पो आला की काका मोडा घेऊन खाली उतरतात. "मामा, बुडखा खाली ठेवा. घाव शेंड्याकडून." मामा काही बोलत नाहीत. ओंडक्याच्या तोंडावर वाळताना पडलेली चीर बघतात आणि बरोब्बर तिच्यात कुऱ्हाड घालतात. खण्णकन दोन फाका. "बघा, मी काय म्हणत होतो!" काका मोड्यावरून म्हणतात. गाठाळ ओंडका आला की मामा पाचर आणि घण काढतात; तेव्हा काका श्वास रोखून असतात आणि गाठ फुटली की दमून घाम पुसतात.

पावसाळ्यात रस्त्यावर गुलमोहर आडवा झाला, तर छत्री घेऊन पहिले हजर हेच. 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय शहरात झाड तोडता येत नाही, हे ते करवत चालवणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानांनाच ऐकवतात. मग करवत कुठून लावावी, तेही सांगतात.

अशा माणसाच्या पुतण्याने मुळशीच्या फार्महाऊसवर लाकूड फोडायचं हायड्रॉलिक मशीन आणलं. पुतण्या हिंजवडीत, शनिवारी पाहुणे येतात, शेकोटी लागते. "काका, बघायला या," म्हणाला. काका गेले. बरोबर बाभळीचा एक ओंडका घेऊन गेले, तीन गाठींचा, मुद्दाम निवडलेला.

मोटर सुरू झाली. पंपाने तेल दाबलं, दट्ट्या सावकाश पुढे सरकला आणि ओंडका पाचरीवर रेटला गेला. घाव नाही, घाम नाही.

"अरे थांब, चीर कुठंय ते तरी बघ!"

मशीन थांबलं नाही. कर्रर्र करत तिन्ही गाठी दुभंगल्या. काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पराभवाचं दुःख नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच एक काम त्यांच्या सल्ल्याशिवाय, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत, नीट पार पडलं होतं. सोसायटीच्या सभेतसुद्धा असं कधी झालेलं नाही.

"लाइट गेली तर?"

"जनरेटर आहे, काका."

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," काका पुटपुटले. हे पुतण्याला होतं.

मग त्यांनी एक फाक उचलली. मांडीएवढी जाड. ती उलटसुलट केली, वीत लावली, आणि हळूहळू त्यांची कळी खुलू लागली.

"ही बंबात कशी जायची?"

बंबात बाहेरून पाणी, मधून विस्तवाची नळी. तिच्या तोंडात मनगटापेक्षा जाड लाकूड घातलं की धूर गॅलरीत आणि वरच्या मजल्यावरचे सेक्रेटरी दारात. पुतण्या म्हणाला, शेकोटीला एवढीच लागतात. काकांनी ते ऐकलंच नाही. ढलप्या तर हातानेच काढाव्या लागणार होत्या! मशीन बंद झालं, राखणदाराचा पोरगा कोयता घेऊन आला, काकांनी खुर्ची पुढे ओढली.

आतून कुणीतरी विचारलं, पोराला चहा टाकू का?

"आत्ता नको," काका म्हणाले, "हात थंड पडतो. मला टाका."