फोंतेन्हासचे घेणेकर

पणजीच्या फोंतेन्हासमध्ये येणारे बहुतेक पर्यटक फोटो काढतात आणि निघून जातात. त्यांच्यातली एक जात मात्र फोटो काढून झाल्यावर समोरच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारते, "हे घर विकायचंय का हो?" या जातीला आपण घेणेकर म्हणू.

घेणेकर पुण्याचे असतात, नाहीतर ठाण्याचे. वय पन्नाशीपुढे, मुलगी अमेरिकेत, फ्लॅटचे हप्ते फिटलेले. शुक्रवारी रात्रीच्या बसने येतात, शनिवारी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्याने जागे होतात आणि गरम पोईचा पहिला घास घशाखाली उतरायच्या आत आपलं आजवरचं आयुष्य फुकट गेल्याचं त्यांच्या ध्यानात येतं. "खरं जगणं इथं आहे," ते म्हणतात. वहिनी लोण्याची वाटी पुढे सरकवतात. हे वाक्य त्यांनी दापोलीत ऐकलंय, महाबळेश्वरात ऐकलंय आणि एकदा पाँडिचेरीतही.

पण फोंतेन्हासचं प्रकरण वेगळं असतं. संध्याकाळपर्यंत घेणेकरांचा इतिहास तोंडपाठ झालेला असतो. आल्तिनोच्या पायथ्यापासून ओरेमच्या खाडीपर्यंत इथं माडांची बाग होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मोझांबिकमध्ये पैसा करून परतलेल्या अंतोनियो जुआंव द सेकेइराने ही वस्ती उभारली. लोक त्याला मोसमीकार म्हणत. १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला आणि गल्ल्या भरत गेल्या. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमधला क्रूस इन्क्विझिशनच्या वाड्यातून आलेला आहे आणि त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, हेही ते खालच्या आवाजात सांगतात. मोसमीकारापाशी मात्र मुद्दाम थांबतात. म्हणजे बघा, ही वस्तीच मुळी बाहेरून पैसा आणणाऱ्याने वसवली. आपण तर परंपरा चालवतोय!

मग दलाल येतो आणि दलालामागून वारस.

पुण्यातल्या वाड्याचे वाद पाहिलेला माणूस स्वतःला या विषयातला पंडित समजतो. गोव्यात त्याला १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा भेटतो. वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणून प्रत्येक वारसामागे त्याच्या जोडीदाराचीही सही लागते. अर्ध्या इस्टेटीवर मुलांचा हक्क, तो बापाला मृत्युपत्र करूनही हिरावता येत नाही. त्यामुळे चार खिडक्यांच्या घराला अठरा सह्या निघतात. एक भाऊ लिस्बनला, दोघे इंग्लंडात स्विंडनला, बहीण वांद्र्याला. लिस्बन आणि वांद्रे यांचं आईच्या शिसवी कपाटावरून बोलणं बंद. तळमजल्यावर एक म्हातारा शिंपी, त्याचं भाडं इतकं की आकडा सांगताना मालकालाच हसू येतं. शिंपी घेणेकरांना चहा पाजतो, "घेयात, घर बरें आसा" म्हणतो आणि मशीनवर पुन्हा पाय मारू लागतो. तो कुठे जाणार, हा विषय निघत नाही.

सह्या होतात. कशा होतात ते सांगत बसलो तर दिवाळी अंक पुरणार नाही.

घर हाती आल्यावर पाऊस येतो. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि त्यातला आपल्या वाट्याचा सगळा आपल्याच दिवाणखान्यात उतरतोय, असं घेणेकरांना वाटू लागतं. चिऱ्याच्या भिंती पाणी पितात. मंगळुरी कौलं सरकतात. खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे. ते बसवणारा सुतार "मंगळवारी येतो" म्हणतो, कुठल्या मंगळवारी ते सांगत नाही. वस्ती वारसा म्हणून राखलेली, तेव्हा दर्शनी भागाला हात लावायचा तर परवानगी हवी. पावसाळा संपला की नवा रंग आलाच. पिवळा, निळा की गेरूचा लाल, यावर घरात दसऱ्यापर्यंत खल चालतो.

पण याच काळात घेणेकर स्थानिक होतात, आणि फार वेगाने होतात. गेल्या डिसेंबरात जे स्वतः परक्या पायरीवर बसून सेल्फी काढत होते, ते या डिसेंबरात बाल्कनीतून ओरडतात, "काय हे पर्यटक!" तक्रार खोटी नाही. लग्नाआधीच्या शूटिंगची जोडपी गाऊन सावरत कुणाच्याही दाराला टेकतात, खिडकीतून आत डोकावतात, दुपारच्या झोपेचं खोबरं करतात. गल्लीतल्या जुन्या बायका हे कितीतरी वर्षं सोसत आल्यात. त्या दार लोटून घेतात. घेणेकर शिट्टी विकत आणतात.

शिवाय पाटी लावतात: "हे घर आहे, स्टुडिओ नव्हे. फोटो काढू नये." तीन भाषांत, निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज धर्तीच्या टाइलवर, कडेला वेलबुट्टी. पाटी इतकी देखणी होते की लोक तिचाच फोटो काढायला येतात.

दुरुस्तीचे आकडे पाहून वहिनी एके दिवशी होमस्टेचा विषय काढतात. घेणेकर आठवडाभर तत्त्वाला चिकटून राहतात, मग जाहिरातीचा मजकूर स्वतःच लिहितात: "शांत गल्ली, अस्सल शेजार." तोवर शेजारचं घर दिल्लीच्या घेणेकरांनी घेतलेलं असतं, पलीकडे कॅफे उघडलेलं असतं. अस्सलपणाची बाजू एकटा शिंपी सांभाळतो.

घर भराभर बुक होऊ लागतं. मालकांच्या वाट्याला जून-जुलै उरतात, बादल्यांसकट. यंदा नाताळात त्यांना फारच ओढ लागली, तेव्हा ते कदंब बसस्टँडजवळच्या लॉजवर उतरले. संध्याकाळी वहिनींना घेऊन गल्लीत आले. पिवळ्या भिंतीवर काय सुरेख ऊन पडलं होतं! घेणेकरांनी मोबाइल उंच धरला. बाल्कनीत त्यांच्याच वेताच्या खुर्चीत कॉफी पीत बसलेल्या मुलीने खाली पाहिलं आणि काही न बोलता बोटाने पाटी दाखवली.