एकाच गट नंबरात

मावसभावाचा बायोडाटा मीच टाइप करून दिला. 'पुण्यात स्वतःचं घर' ही एक ओळ, 'गावी दोन एकर बागायत' ही दुसरी. मुलीचे वडील चिकित्सक. त्यांनी विचारलं, "गाव पुण्यापासून किती लांब?" काकांनी, म्हणजे मावसभावाच्या वडिलांनी, उठून मागच्या खिडकीचा पडदा सरकवला. गवार दिसली, तिच्यापलीकडे बारा मजली इमारत दिसली. घर आणि शेत एकाच गट नंबरात आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही, लग्न अजून ठरायचंय.

खोटं त्यात काहीच नव्हतं. हवेली तालुक्यात माणूस एकाच ओट्यावर बसून शेतकरीही असतो आणि पुणेकरही. समोर बँकवाला आहे की सासरा, एवढं बघायचं.

बाहेरचे विचारतात, हवेलीत हवेली कुठंय? कुठंच नाही. मुसलमानी अमलात मुख्य ठाण्याला लागून असलेल्या मुलखाला हवेली म्हणत, ते नाव चिकटलं ते चिकटलं. म्हणजे या तालुक्याची ओळख पहिल्यापासून 'शेजारचा' एवढीच. त्याची तहसील कचेरीसुद्धा पुण्याच्या शुक्रवार पेठेत, खडकमाळ आळीत. सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करायची तर शेतकऱ्यानं पेठेत जायचं आणि आधी गाडी लावायला जागा शोधायची.

पुण्याला मात्र शेजार आवडतो. इतका, की तो सारखा घरात घेतला जातो. 1997 ला 38 गावं आत घेतली, मग त्यातली काही बाहेर काढली. 2017 ला 11 घेतली. 30 जून 2021 ला आणखी 23. पुणे महापालिका क्षेत्रफळानं मुंबईच्या पुढे गेली आणि शहरभर कॉलर ताठ झाली. वाघोली, मांजरी, नांदेड, किरकटवाडी… रात्री ग्रामपंचायतीत झोपलेली माणसं सकाळी महानगरात उठली. नळाला काही कळलं नव्हतं.

गंमत पुढेच आहे. ग्रामपंचायती बरखास्त, म्हणजे सरपंच गेला. नगरसेवक कधी? तर मार्च 2022 मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांचीच मुदत संपली, प्रशासक बसला आणि निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. सरपंचाला निदान पारावर गाठून चार शिव्या घालता यायच्या. प्रशासकाचा पार कुठला? त्यात या 23 गावांचं नियोजन गेलं पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. बांधकामाची परवानगी एकानं द्यायची, तिथं राहायला आलेल्यांना पाणी, रस्ता, गटार दुसऱ्यानं पुरवायचं. आमंत्रणं थोरल्यानं वाटायची आणि चुलीपुढं धाकटीनं बसायचं, असा हा एकत्र कुटुंबाचा कारभार.

याचं बिल जानेवारी 2025 मध्ये आलं. पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बारे सिंड्रोमचे, रुग्ण सापडू लागले. चालतीबोलती माणसं हातापायातली ताकद जाऊन रुग्णालयात, काही थेट व्हेंटिलेटरवर. त्यातली बरीचशी सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातली. सगळ्यांचं बोट नांदेडच्या विहिरीकडे गेलं. लगोलग नमुने, पथकं, पाहणी दौरे, मास्क लावलेले साहेब. तेव्हा उरलेल्या शहराला शोध लागला की समाविष्ट गावांना शुद्धीकरण प्रकल्पातलं पाणी मिळत नाही. ही गावं कुठली म्हणाल, तर खडकवासला धरणाच्या उशाला असलेली. त्याच धरणाच्या पाण्यावर पुणे आंघोळी करतं, गाड्या धुतं आणि पाटबंधारे खात्याशी कोट्यावरून भांडतं.

घेणं झालं, आता देणं. उरुळी देवाची हे नाव बघा. गाव देवाचं, कचरा पुण्याचा. गेली कित्येक वर्षं शहरानं आपलं खरकटं उरुळी-फुरसुंगीच्या शिवारात नेऊन ओतलं. विहिरी नासल्या, आंदोलनं झाली, गाड्या अडवल्या, आश्वासनं मिळाली. आषाढी वारीला निघालेली माउलींची पालखी इथल्याच रस्त्यानं दिवे घाटाकडे जाते. शहरातले हौशी फोटोग्राफर पहाटे उठून घाट गाठतात. वारीच्या फोटोत डोंगर हवाच, पण घाटातला. वाटेत लागतो तो डोंगर फ्रेममध्ये घेत नाहीत.

ही दोन गावं 2017 ला महापालिकेत आली. आल्या आल्या घरपट्टी शहरी झाली, सोयी ग्रामीणच राहिल्या. गोदामवाले, दुकानदार, घरमालक सगळे ओरडले. शेवटी 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद जाहीर झाली. सात वर्षं नांदून सून माहेरी परतली. सासरच्यांनी अडवल्याचं ऐकिवात नाही.

आता सगळी रडगाणीच गावी असंही नाही. हवेलीनंही शहराला कापलंय. गुंठ्याचा भाव ऐकून आधी हसलेले, मग विकलेले, मग थार घेतलेले गुंठामंत्री गावोगाव आहेत. गळ्यात साखळी, फ्लेक्सवर 'भावी', आणि वाढदिवसाला केक कापायला तलवार. रस्ता नऊ मीटर दाखवून सहा मीटरवर प्लॉट पाडणारे इथलेच. त्या बोळात आज शहराची अग्निशमन गाडी शिरत नाही याचा दोष एकट्या शहराला कसा द्यायचा? आमच्या काकांनीही 2011 मध्ये चार गुंठे 'ओळखीवर' दिलेत. तो विषय निघाला की काका गवारीचं निमित्त करून उठतात.

तर, स्थळ. पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या वडिलांनी निघता निघता एकच विचारलं, "बाकी ठीक आहे, पाण्याचं कसं?"

"पाण्याचं काय विचारता!" काका म्हणाले. "गच्चीवर चला, धरण दिसतं."

सगळे गच्चीवर गेले. खरंच दिसलं, काठोकाठ भरलेलं, उन्हात चकाकणारं. पाहुणी मंडळी खूश झाली, फोटो काढले. तेवढ्यात खाली रिव्हर्सचा पीं पीं आवाज सुरू झाला. ड्रायव्हरनं मान वर करून हाक दिली, "काका, दाराम्होरली गाडी कुनाची हाय? काढा की जरा, पाइप पोचंना टाकीला."

गाडी पाहुण्यांची होती.