झोपेचे वैद्य

झोप येत नाही, हे कामठीत मोठ्याने बोलायची सोय नाही. पानठेल्यावर बोललात तर ठेलेवाला चुना लावता लावता उपाय सांगतो आणि मागे उभं असलेलं गिऱ्हाईक तो खोडून काढतं. शेजारच्या काकूंनी तर माझं अर्धं वाक्य ऐकूनच निकाल दिला, "काहून एवढा विचार करतं बाप्पा? म्हशीच्या दुधात जायफळ उगाळून घेत जाय अन् पड गुमान!"

काकूंनी चरक वाचलेला नाही, पण चरकाने काकूंना विचारूनच लिहिलं असावं. झोप आणणाऱ्या पदार्थांत चरकसंहितेने पहिला मान म्हशीच्या दुधालाच दिला आहे. शिवाय दिवसा झोपू नका असं बजावणारे चरक उन्हाळ्यापुरती दुपारच्या झोपेला सूटही देतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या पुढे जातो. त्यामुळे ही सूट होळीपासून मृगापर्यंत, आणि जमलं तर पुढेही लागू असते.

डॉक्टरांनी दुपारनंतरचा चहा बंद केला. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्याने डोळे जड होतात. कॅफिन नेमकं त्याच्या जागेवर जाऊन बसतं, आणि त्यातलं निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. म्हणजे सहाचा चहा अकरा वाजताही अर्धा जागाच. पटलं. पण संध्याकाळी कोणाच्या घरी 'चहा नको' म्हणून बघा! तब्येत कोणी विचारत नाही. "आमचं काही चुकलं का?" असंच विचारतात.

रात्रीचं जेवण लवकर आणि कमी तिखट, हाही हुकूम झाला. नेमके त्याच दिवशी पाहुणे आले. पाहुणे म्हणजे सावजी रस्सा, आणि त्याला तर्री सुटेपर्यंत साडेनऊ होतात. तो पोटात घालून आडवं झाल्यावर जी आग उठते, तिला कन्हानचं पाणीही पुरत नाही.

झोप लागायला अंगाचं तापमान थोडं उतरावं लागतं, म्हणून खोली गार हवी. त्यासाठी कूलर आहे. रात्री दोनला टाकी कोरडी पडते, पंप घरघरू लागतो, आणि पाणी कोणी भरायचं या प्रश्नावर आम्ही दोघं झोपेचं सोंग घेतो. सोंग इतकं हुबेहूब वठतं, की त्यातच एकाला खरी झोप लागते. तो एक मी कधीच नसतो.

शेवटी अक्कल छावणीकडून घेतली. ती इथे 1821 पासून आहे. झोप कधी लागली याची चौकशी फौज करत नाही. उठायचं कधी, तेवढं सांगते. तिथल्या गार्ड्स रेजिमेंटच्या केंद्रात पहाटे पीटीला पळणाऱ्या पोरांना रात्री जायफळ लागत नसणार. शरीराचं घड्याळ लागतं ते उठण्याच्या ठरल्या वेळेवर आणि सकाळच्या उजेडावर. म्हणून रात्री डोळा कधीही लागो, मी साडेपाचला अंगणात. हळूहळू दहालाच जांभया येऊ लागल्या.

आता एवढ्या पहाटे चहा मागायचा कोणाला, हा प्रश्न होता. तो बायकोने डोळे न उघडता सोडवला, "उठलाच आहात तर तुम्हीच टाका. अन् माझा झाकून ठेवा."