डोंगरी सायकल, डबलसीट
दिल्लीतलं सायकलप्रेम बघायचं असेल तर रविवारी पहाटे आश्रम चौकात उभं राहावं. मोटारसायकलवर पुढे एक मित्र, मागे दुसरा, आणि मागच्याच्या खांद्यावर आडवी माउंटन बाइक. पुढचं चाक काढून पाठीला बांधलेलं, पेडल पोटरीत रुतलेलं, आणि हँडल शेजारच्या ई-रिक्षातल्या प्रवाशांची विचारपूस करतंय. स्वारी निघाली गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याला, अरवलीच्या खडकाळ वाटांवर घाम गाळायला.

घरापासूनच चालवत का जात नाही, असं विचारणाऱ्याने दिल्ली पाहिलेली नाही. आंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गावर २००८ साली सायकलींना वेगळी पट्टी मिळाली होती. तिच्यात मोटारसायकली घुसल्या, आणि २०१६ मध्ये तो मार्गच उखडला गेला. आता सायकलच मोटारसायकलवर बसते, म्हणजे फिटंफाट.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे दुचाकीवर चालकाखेरीज एकच माणूस चालतो. सायकल माणसात मोडत नाही, त्यामुळे तिला हेल्मेटही नको. बाकीचा कायदा सिग्नलवरचा हवालदार समजावून सांगतो.

सायकलीची रस्त्यावर ही गत, तर कारखान्यात दुसरी: दिल्लीशेजारच्या साहिबाबादचा ॲटलस सायकलींचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा! शुभेच्छांचे फोटो त्या दिवशीही रीतसर फिरले असणार.

बदरपूरजवळ मोटारसायकलवरच्या आपल्या जोडीला रात्रपाळी संपवून निघालेला एक कामगार भेटतो. त्याची सायकल तो चालवत असतो.