सिव्हिलला कस लावण्याची रीत

बांधकामाच्या इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम निवडणे ही बेंगळुरूच्या चिकपेटेतल्या मराठी घरांत निकालानंतर सुरू होणारी प्रक्रिया असून तिचे टप्पे ठरलेले आहेत. पहिल्या टप्प्यात कॉम्प्युटर हुकते. दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक्स हुकते. तिसऱ्या टप्प्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना एकाएकी आठवते की विश्वेश्वरय्यासुद्धा सिव्हिलचेच होते.

आठवण खरी आहे. विश्वेश्वरय्या १८८१ मध्ये बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले, पुढे इंजिनिअरिंग शिकायला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये गेले आणि मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले. १९१७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बेंगळुरूत निघालेले कॉलेज, म्हणजे आजचे यूव्हीसीई, के. आर. सर्कलला आहे, पेठेपासून चालत जाण्याइतके जवळ. मात्र तेथली जागा रँकवर मिळते, ओळखीवर नाही. त्यामुळे घरातली चर्चा तेथे फार रेंगाळत नाही.

रँकच्या आधी मूळ गाव आडवे येते. सरकारी कोट्यासाठी कर्नाटकाला साधारणपणे राज्यातली सात वर्षांची शाळा दाखवावी लागते, तर महाराष्ट्राला मुख्यतः तिकडची दहावी-बारावी हवी असते. चौथीपर्यंत आजीजवळ महाराष्ट्रात विट्याला, मग दोन वर्षे इथे, पुन्हा विट्याला आणि बारावी इथे, असे शिकलेले पोर दोन्ही खिडक्यांवरून परत येते. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वेगळी सोय ठेवली आहे; शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण असूनही बेंगळुरू त्या यादीत बसत नाही. उरते मॅनेजमेंटची जागा.

इथून पुढचा भाग अभ्यासकांना चक्रावून टाकणारा आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडून आलेली गलाईवाली मंडळी देशभरच्या सराफ पेठांत जुने सोने-चांदी गाळण्याचा धंदा करतात, तशी इथेही करतात. गिऱ्हाइकाने पाटली पुढे ठेवली की तिचा एक कस काळ्या दगडावर ओढला जातो, त्यावर ॲसिडचा थेंब पडतो, रेघ किती उरली ते डोळे बारीक करून पाहिले जाते. तरी समाधान होत नाही. पाटली मुशीत जाते आणि डाग किती निघाला ते वजन करून मगच भाव सांगितला जातो. गुंजभर सोन्यासाठी एवढा खटाटोप करणारा हाच गृहस्थ संध्याकाळी चार वर्षांची पदवी कॉलेजच्या गुळगुळीत माहितीपत्रकावरून घेतो. माहितीपत्रकावर हेल्मेट घातलेली एक हसरी मुलगी असते. तिच्या हेल्मेटवर धुळीचा कण नसतो.

वास्तविक इथेही हॉलमार्क आहे. नॅक कॉलेजला पाहते, एनबीए एकेका अभ्यासक्रमाला. हॉलमार्क दागिन्यावर असतो, दुकानाच्या पाटीवर नाही, हे चिकपेटेत शेंबडे पोरही जाणते. कॉलेजच्या फाटकावरचा नॅकचा फलक मात्र सगळ्या शाखांना पुरतो असे धरले जाते. कॉलेजच्या कॉम्प्युटर शाखेला एनबीएची मान्यता असेल आणि सिव्हिलची मुदत संपलेली असेल, तर सिव्हिलवाल्याला त्या मान्यतेचा उपयोग फलकाखाली फोटो काढण्यापुरताच.

नावांचे प्रकारही वाढले आहेत. साधे सिव्हिल, कन्स्ट्रक्शन टेक्नॉलॉजी अँड मॅनेजमेंट आणि अलीकडे निघालेले सिव्हिल विथ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. यातले शेवटचे नाव पाहुण्यांत सांगताना पहिला शब्द हळू म्हणता येतो, ही त्याची मोठी सोय. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ता सगळ्यांत स्वस्त, आणि त्यात हातही लवकर चालू लागतो. मुलीकडच्या मंडळींना ‘डिप्लोमा’ सांगावे लागते एवढ्याच कारणावरून तो बाद होतो.

कॉलेज पाहायला गेलेले कुटुंब कॅन्टीन, वसतिगृह आणि प्लेसमेंटचा आकडा पाहून परत येते. तो आकडा बहुधा सगळ्या शाखांचा मिळून असतो. मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये डोकावणारे विरळा. तिथे १५ सेंटीमीटरचे काँक्रीटचे क्यूब २८ दिवस पाण्यात ठेवून मग दाबाखाली फोडतात. टाकीत पाणी आहे की जुन्या खुर्च्या, एवढे पाहिले तरी निम्मी परीक्षा झाली. सर्व्हेइंगचे टोटल स्टेशन कपाटात कुलूपबंद आहे की मुले उन्हात घेऊन उभी आहेत, यात उरलेली निम्मी.

कोणी न विचारलेला विषय म्हणजे माती. चिकपेटेखालून मेट्रोचा बोगदा काढताना कुठे कठीण खडक, कुठे मऊ माती लागली आणि गोदावरी नावाचे यंत्र मॅजेस्टिकच्या बाजूला बराच काळ रखडले. चिकपेटेचे मेट्रो स्टेशन २०१७ मध्ये सुरू झाले. वरच्या दुकानांत मात्र दहा फुटी पट्ट्यावर चौथा मजला मेस्त्रीच्या अंदाजानेच चढतो आणि त्या मजल्यावरच्या खोलीत बसून सिव्हिलला स्कोप नाही असे ठरते.

अव्हेन्यू रोडवर जुनी पुस्तके मिळतात. सर्व्हेइंगचे एखादे जुने पुस्तक आणावे, त्याची दहा पाने पोराकडून वाचून घ्यावीत आणि मगच मॅनेजमेंटवाल्याला फोन करावा.