पीळ

कुरुंद्याच्या शिवारात हळद आणि सोयाबीन यांच्याखेरीज आणखी एक पीक भरघोस येते; त्याचा सातबारा मात्र कोणाच्याच नावावर नाही. ते पीक जिवाणूंचे. सोयाबीनचे रोप हलक्या हाताने उपटावे, मुळावरची एखादी गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी लाली दिसली, की ब्रॅडीरायझोबियम कामावर हजर आहे आणि हवेतला नत्र रोपाला पोचता करतो आहे, असे खुशाल समजावे.

या जिवाचा संसार बघून माझ्यासारख्या पसारेबहाद्दराला शरम वाटते. आपल्या पेशीत गुणसूत्रांसाठी केंद्रक नावाची स्वतंत्र खोली असते. जिवाणूचा कारभार एकखणी. 2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच्या एका वाणाचे गुणसूत्र वाचून काढले. धागा एकच, गोल, सुमारे 91 लाख अक्षरजोड्यांचा. तोडून सरळ केला तर तीन मिलिमीटर भरेल. आणि मालकाची स्वतःची लांबी त्याच्या जेमतेम हजाराव्या हिश्शाएवढी!

मग हा धागा आत मावतो कसा? चऱ्हाट वळलेल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. दोराला पीळ देत राहिले, की तो स्वतःभोवतीच वेढे घेत आखडतो. हा धागाही तसाच आखडतो, फक्त त्याला पीळ उलटा, म्हणजे उकलण्याच्या दिशेचा. त्यामुळे जागाही वाचते आणि मजकूर वाचायची वेळ आली की पदर चटकन सुटे होतात. हा पीळ घालते जायरेज नावाचे विकर. ते धागा कापते, दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे काढते आणि काप पुन्हा सांधते. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी नेमके हे सांधणेच अडवते. पिळलेल्या धाग्याला जागोजागी प्रथिने धरून ठेवतात. पेशी दुभंगायच्या वेळी धाग्याची नक्कल पुरी होण्याआधीच दोन्ही प्रतींची आरंभाची ठिकाणे पेशीत दूर सरकू लागतात. वाटणी इतकी बिनबोभाट, की तलाठ्याला काही कामच उरत नाही.

मेथीच्या मुळातला याचा भाऊबंद मात्र तीन धागे सांभाळतो. मुळावर गाठी धरण्याचा आणि नत्राचा बराचसा कारभार त्याने सर्वांत धाकट्या धाग्यावर सोपवला आहे. घरोघरीचा अनुभव वेगळा नाही.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकट माणसाबद्दल नाक मुरडून म्हणतो. माणसाचा पीळ गेला तर चार लोक सुटकेचा श्वास सोडतात. जिवाणूचा पीळ गेला तर त्याचे वाचन, नक्कल आणि वंश, सगळेच थांबते. तेव्हा पीळ वाईट नव्हे. तो कशासाठी आहे, ते पाहावे.

पुढच्या मृगात सोयाबीन पेराल तेव्हा बियाण्याला बुरशीनाशक आधी लावा, जिवाणू संवर्धक शेवटी चोळा आणि बी सावलीतच सुकवा. उन्हापुढे या पिळदार मंडळींचे काही चालत नाही.