कांजिण्या आणि कंदी पेढे

"बाई, पेढे पोचले का तुमच्याकडे?"

सकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, तोच कुंपणापलीकडून वहिनींचा आवाज आला. पोचले होते पेढे. साताऱ्यात आनंद झाला की कंदी पेढेच वाटतात, त्यात नवल नाही. समोरच्या बंडूला आयआयएमच्या एमबीए प्रवेशपरीक्षेत, कॅटमध्ये, 98 मिळाले ही बातमी मात्र पेढ्यांच्या आधी दूधवाल्याने पोचवली होती.

"शंभरात 98! अहमदाबाद नक्की, म्हणतेय त्याची आई. तिकडची थंडी कशी असते म्हणून मला विचारत होती."

"अहो वहिनी, ते मार्क नाहीत, पर्सेंटाइल आहे."

"तेच ते."

"तेच ते कसं?" 32 वर्षं गणित शिकवलं की हात आपोआप खडू शोधतो. मी झारी खाली ठेवली. "परीक्षेला बसली जवळपास 3 लाख मुलं. 98 म्हणजे शंभरातली दोघं बंडूच्या पुढे. मग 3 लाखांतली किती?"

वहिनींनी मनाशी हिशोब केला. "6 हजार?"

"6 हजार. आणि अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाला जागा आहेत 400च्या आसपास."

"म्हणजे साडेपाच हजार पोरांना तापच यायला हवा!"

वहिनींचं गणित शाळेत बरं असणार.

"पण बाई, त्याची आई म्हणते, नियमात 80-85 पुरे असं छापलंय."

"ती मांडवाच्या दारातली पाटी हो. आत पंगतीला कुणाला बसवायचं ते यजमान वेगळंच बघतात."

"काय बघतात?"

"पत्रिका! तुम्ही मुलीसाठी स्थळ बघताना कसं, पगार तर विचारताच, पण घर कुणाचं, धाकटे दीर किती, सासू बोलते कशी, सगळं काढता ना? तसंच. दहावी, बारावी, पदवी, नोकरी किती महिने, शाखा कुठली, मुलगा की मुलगी. शिवाय परीक्षेचे तीन भाग, प्रत्येकी 40 मिनिटांचे, आणि तिन्हीत वेगवेगळं पास व्हायला लागतं. एकात शतक आणि दुसऱ्यात भोपळा चालत नाही."

"बंडूचं इंग्रजी..." वहिनींनी आवाज खाली आणला, जणू बंडू कढीपत्त्यामागेच उभा होता.

"इंग्रजीचं निभेल. पंचाईत वेगळीच आहे. बंडू मुलगा, त्यात मेकॅनिकल इंजिनिअर, दीड वर्ष चाकणच्या कारखान्यात. असे बंडू पोत्याने अर्ज करतात. वर्गात सगळे एकाच साच्याचे नकोत म्हणून इतर शाखांच्या मुलांना, मुलींना थोडे जास्तीचे गुण देतात. कोझिकोडला तर 2013 साली असं केल्यावर निम्म्याहून अधिक मुलीच आल्या होत्या."

"बरं झालं," वहिनी म्हणाल्या. मग बंडूची आठवण येऊन, "म्हणजे, त्याच्यासाठी नाही."

मी खरी मेख अजून सांगितलीच नव्हती. सांगावीशीही वाटत नव्हती, पण कुंपणावर उभं राहिल्यावर माणसाला पोटात काही ठेवता येत नाही.

"दहावीला 71 टक्के होते त्याला."

"दहावीला? अहो, घोडा झालाय तो आता! दाढी करतो!"

"करू दे. बंगळूर दहावी, बारावी, पदवी तिन्ही जमेस धरतं. अहमदाबादही धरतं. इंदूर तर शाळेच्या मार्कांना आणखीच मान देतं. बंडूने पंचविशीत कितीही अभ्यास केला तरी पंधराव्या वर्षीचे गुण आता वाढायचे नाहीत."

खरं सांगते, हे मला मुळीच पटत नाही. पंधराव्या वर्षी कुणाच्या घरी भांडणं चालू असतात, कुणाचा बाप आजारी असतो. तो कागद दहा वर्षांनी परत टेबलावर ठेवायचा म्हणजे जुना उधारीचा चोपडा काढण्यासारखंच. पण नियम त्यांचा, जागा त्यांच्या.

"मग पेढे उगाचच?"

"उगाच कसे? नव्या आयआयएमपैकी बऱ्याच जणी मिळून एकच सामायिक मुलाखत घेतात, तिथलं बोलावणं त्याला येईल बहुतेक. आणि मुंबईचं जमनालाल बजाज आहेच, चर्चगेटचं. तिथे महाराष्ट्राची सीईटी. मुलाखत नाही, दहावीची चौकशी नाही. 200 प्रश्न, 150 मिनिटं. चुकलं तरी गुण कापत नाहीत."

"मग सोपंच की!"

"एका प्रश्नाला 45 सेकंद, वहिनी. तुम्हाला डबा उघडून हळद सापडायला तेवढी लागतात. आणि गुण कापत नाहीत म्हणून सगळेच सगळं सोडवतात. जमनालालसाठी तिथे 99.9च्याही वर लागतं."

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. हे त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून मीच बातमी सोडली. "गिरणीवाल्यांच्या धाकटीला 97 आहेत, ठाऊक आहे?"

"काय सांगता! आणि पेढे?"

"कुणाला बोललेच नाहीत ते. काल दळण आणायला गेले तर ती वजन करता करता म्हणाली, बाई, मुलाखतीत काय विचारतात हो? बी.कॉम., दहावी 95, बारावी 91, दोन वर्षं सीएच्या ऑफिसात. बंडूच्या मागे 3 हजार पोरं सोडून उभी आहे ती रांगेत, पण इंदूर, कोझिकोड तिला आधी बोलावतील, बघा तुम्ही."

"गिरणीत बसून?"

"गिरणीत बसून. तिला म्हटलं, पीठ किती सुटतं, वीजबिल किती, सणाला गर्दी वाढली तर काय करता, हे नीट सांग. मुलाखतीत घरचा धंदा निघाला तर गप्प बसू नकोस. बंडूला तर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांबद्दलच विचारतील, मेकॅनिकलवाला साताऱ्याचा म्हटल्यावर. त्याने पाहिल्यात त्या फक्त सेल्फी काढताना."

वहिनी हसल्या. मग हसता हसता एकदम थांबल्या.

"पण बाई, दहावीला त्याला कांजिण्या आल्या होत्या ना? आई म्हणत होती, या वर्षी नको, पुढच्या वर्षी बसवू. तेव्हा तुम्हीच याच कुंपणावरून म्हणाला होतात, बसू दे गं, दहावीचे मार्क पुढे कुत्रं विचारत नाही."

म्हटलं होतं. शब्दन् शब्द म्हटलं होतं. वहिनींना हळदीचा डबा सापडत नसेल, पण हे बरं लक्षात राहतं.

मी झारी उचलली. कुंडीत पाणी आधीच तुडुंब होतं, तरी ओतत राहिले.

"वहिनी, त्याला संध्याकाळी पाठवून द्या माझ्याकडे. 45 सेकंदांची सवय लावायला हवी. आणि येताना घड्याळ आण म्हणावं, माझं मागे पडतं."

"आणि गिरणीवाल्यांच्या धाकटीला?"

"तीही येऊ दे. दोघं असली की पोरं भरभर सोडवतात."

वहिनींच्या डोळ्यांत लगेच भलतंच काही चमकलं. त्या बोलायच्या आत मी घरात गेले. ओट्यावरच्या पेढ्यांना मुंग्या लागल्या होत्या.